ईली : पाण्यातल्या बेटावरचं शहर

इंग्लंडमधल्या केंब्रिजहून उत्तरेकडे जाणारी गाडी पकडली की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंची जमीन अगदी सपाट होते. काळीभोर शेतं, सुतात आखावेत तसे सरळ कालवे आणि क्षितिजावर एकच उंच इमारत. ते ईलीचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. लांबी सुमारे १६४ मीटर, पश्चिमेचा मनोरा ६६ मीटर. शहराची वस्ती आजही वीस हजारांच्या आसपासच आहे. एवढ्याशा गावात एवढं अवाढव्य देऊळ कसं उभं राहिलं, याचं उत्तर तिथल्या पाण्यात आहे.

या भागाला फेन म्हणतात. सतराव्या शतकापर्यंत तो लव्हाळी, बोरू आणि साचलेल्या पाण्याचा प्रदेश होता. त्यातून वर आलेला एक उंचवटा म्हणजे ईली. चहूबाजूंनी पाणी, म्हणून ते बेटच. नावही पाण्यातूनच आलं. इथे ईल मासे विपुल, म्हणून ईली, असं आठव्या शतकातला इतिहासकार बीड सांगतो. ईल म्हणजे आपल्याकडच्या वामेची जात. विलो झाडाच्या फोकांचे निमुळते सापळे विणून ते पकडत. १०८६ च्या डूम्सडे या जमीन-मिळकतींच्या सरकारी नोंदवहीत या भागातली देणी हजारो ईलांच्या हिशेबात लिहिलेली आहेत.

राजकन्या एथेलड्रेडा हिने ६७३ मध्ये या बेटावर मठ स्थापला. स्त्रिया आणि पुरुष, दोघांसाठी. ६७९ मध्ये गळ्यावरच्या गाठीने ती गेली. तरुणपणी गळ्यात दागिने मिरवले, त्याचंच हे प्रायश्चित्त, असं ती म्हणे. पुढे तिच्या समाधीला यात्रेकरू येऊ लागले. लोक तिला सेंट ऑड्री म्हणत, आणि तिच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात. त्या फितींवरूनच भडक, स्वस्त मालासाठी इंग्रजीत ‘टॉड्री’ हा शब्द रुळला. दागिन्यांचा पश्चात्ताप करणाऱ्या बाईच्या नावाचं असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

८७० मध्ये डेन (व्हायकिंग) लोकांनी मठ उद्ध्वस्त केला, ९७० मध्ये तो पुन्हा उभा राहिला. १०७० च्या सुमारास नॉर्मन राजा विल्यमविरुद्ध हेरवर्ड हा इंग्लिश बंडखोर आणि त्याचे साथीदार याच बेटावर दबा धरून राहिले. पाणी हाच त्यांचा कोट होता. विल्यमला दलदलीतून रस्ता बांधून आत यावं लागलं. १०८३ मध्ये आजच्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं. दगड बार्नॅकच्या खाणीतून पाण्यावाटेच आला.

फेब्रुवारी १३२२ मध्ये मधला मनोरा कोसळला. शेजारी लेडी चॅपेलचा, म्हणजे मदर मेरीच्या प्रार्थनागृहाचा, पाया खणणं चालू होतं, त्याने जमीन सुटली असावी. मठातले अधिकारी ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅम यांनी होता तसाच मनोरा पुन्हा बांधायचा हट्ट धरला नाही. त्यांनी मधली जागा अष्टकोनी मोकळी ठेवली आणि तिच्यावर लाकडी ‘कंदील’, म्हणजे उजेड आत सोडणारा खिडक्यांचा मनोरा, उभारायचं ठरवलं. त्यासाठी ओकचे सुमारे १९ मीटरचे आठ सोट लागले. असे वृक्ष शोधायचे कुठे आणि दलदलीतून आणायचे कसे, या विवंचनेत वर्षं गेली. राजाचा सुतार विल्यम हर्ली याने ते सांधले. खाली उभं राहून वर पाहिलं की तो प्रकाशाचा अष्टकोन अधांतरी वाटतो. त्या शतकातलं याच्या तोडीचं सुतारकाम मला तरी माहीत नाही.

सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात मठ गेला, एथेलड्रेडाची समाधी फोडली गेली. लेडी चॅपेलमधल्या मूर्तींची मुंडकी उडवली, त्या आजही तशाच आहेत.

पण शहराभोवतीचं जग खरं पालटलं ते पाणी गेल्यावर. १६३० मध्ये बेडफर्डच्या अर्लने धनिकांना जमवलं, आणि डच अभियंता व्हर्मायडेन याने सरळ नद्या खोदून फेनचा निचरा केला. मासेमारी, बोरूची कापणी, गायरान यांवर जगणाऱ्यांनी रात्री बांध फोडले. त्यांना ‘फेन टायगर’ म्हणत. पुढे इंग्लंडची सत्ता हाती घेणारा ऑलिव्हर क्रॉमवेल तेव्हा ईलीतच राहत होता. १६३६ मध्ये त्याला मामाकडून इथली मिळकत आणि धर्मसारा गोळा करायचं काम मिळालं होतं, आणि गायरानाच्या वादात तो या लोकांच्या बाजूने उभा राहिला. त्याचं घर अजून आहे.

पुढे जमीन पिकली, पण पुष्कळांच्या हाती उरली ती मजुरी. नेपोलियनशी युद्ध संपल्यावर काम घटलं, धान्य महागलं. मे १८१६ मध्ये जवळच्या लिटलपोर्टचे मजूर दंगा करत ईलीत शिरले. २८ जूनला पाच जणांना फाशी दिली. सेंट मेरी चर्चच्या भिंतीवर त्यांच्या नावांची दगडी पाटी आहे, आणि इतरांनी यापासून धडा घ्यावा असं तीवर कोरलं आहे. कॅथेड्रल पाहायला जाणाऱ्याने दोन मिनिटं या पाटीपुढेही थांबावं.

निचऱ्याचा परिणाम जमिनीवरही झाला. ही काळी माती कुजलेल्या वनस्पतींची, वाळली की आक्रसते. पीटरबरोजवळ होम फेन इथे १८५१ मध्ये जमिनीच्या पातळीपर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज जवळजवळ चार मीटर उघडा पडला आहे. शेतं नद्यांपेक्षा खाली गेली, म्हणून पाणी वर उपसावं लागतं. आधी पवनचक्क्या, मग वाफेची इंजिनं, आता विजेचे पंप. मार्च १९४७ मध्ये बर्फ वितळला, बांध फुटले, आणि फेनमधली कितीतरी शेतं पुन्हा पाण्याखाली गेली.