भाताच्या चिखलातून हवेत काय जाते?

श्रावणात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पाण्याने भरलेल्या भातखाचरात पाय टाकला, की घोट्याभोवती बारीक बुडबुडे वर येतात. भांगलण करणाऱ्या बायकांना ते रोजचेच, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. त्या बुडबुड्यांत मोठा वाटा मिथेनचा असतो. इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली मॅजोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून हाच वायू भांड्यात पकडला आणि तो पेटतो हे दाखवून दिले. आज या वायूकडे लक्ष जाते ते वेगळ्या कारणाने : शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साईडइतकी उष्णता वातावरणात अडवून धरतो.

खाचरात पाणी साचले की काही दिवसांतच चिखलातला प्राणवायू संपतो. मग गेल्या हंगामाची धसकटे, मुळे आणि शेणखत कुजवण्याचे काम प्राणवायूशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे जाते आणि त्या कुजण्याच्या शेवटच्या टप्प्यावर मिथेन तयार होतो. तो बाहेर पडण्याचा मुख्य रस्ता मात्र बुडबुड्यांचा नाही, भाताच्या रोपाचा आहे. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा पोचावी म्हणून रोपाच्या अंगात पोकळ जागा असतात. मुळांकडे प्राणवायू त्यांतूनच उतरतो आणि चिखलातला मिथेन त्याच वाटेने वर चढतो. तयार झालेला सगळाच मिथेन हवेत पोचतो असेही नाही. चिखलाच्या वरच्या पातळ थरात आणि मुळांभोवती, जिथे थोडा प्राणवायू असतो, तिथे मिथेनवरच जगणारे दुसरे सूक्ष्मजीव त्यातला बराचसा खाऊन टाकतात.

हे मोजायचे कसे? एक चौकट हंगामाच्या सुरुवातीलाच चिखलात रोवून ठेवतात आणि मोजणीच्या वेळी तिच्यावर रोपे मावतील इतकी उंच, पारदर्शक, बंद पेटी बसवतात. आतली हवा सारखी मिसळत राहावी म्हणून छोटा पंखा असतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढतात, ती प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रातून तपासतात आणि अर्ध्या तासात मिथेन किती वाढला यावरून त्या तुकड्यातून तो किती वेगाने बाहेर पडतो याचा हिशेब करतात. नमुना घेणारा चिखलात पाय ठेवत नाही. आधी टाकून ठेवलेल्या फळीवरून चालतो, कारण त्याच्या एका पावलाने दबून निघालेले बुडबुडे पेटीत शिरले तर सगळी मोजणी फुकट जाते. मला या कामातली ही फळी फार मोलाची वाटते.

ऊस किंवा जंगल पेटीत मावत नाही. त्यासाठी पिकाच्या किंवा झाडांच्या शेंड्यांवर उंच मनोरा उभारतात. त्यावरची यंत्रे वाऱ्याचा वर-खाली होणारा वेग आणि हवेतल्या वायूचे प्रमाण सेकंदाला दहा-वीस वेळा नोंदवतात आणि वर जाणाऱ्या व खाली येणाऱ्या झुळकांमधील फरकावरून जमिनीने वायू घेतला की दिला हे कळते. चिकोडी-अथणीकडच्या सपाट रानात ही पद्धत चांगली चालते. भीमगड अभयारण्याच्या डोंगरउतारावर ती अवघड होते, कारण वारा पडलेल्या रात्री झाडा-मातीने सोडलेला कार्बन डायऑक्साईड वर न जाता थंड हवेबरोबर उताराने दरीत उतरतो, आणि मनोऱ्याला वाटते की जंगलाने काही सोडलेच नाही.

प्रत्यक्ष मोजण्याचे महत्त्व भारताने एकदा चांगलेच अनुभवले आहे. भारतातील भातशेतीतून वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मांडला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अशेष प्रसाद मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशभरच्या खाचरांत मोजणी झाली, तेव्हा आकडा निघाला सुमारे ४० लाख टन, म्हणजे जवळजवळ नऊपटींनी कमी. आपल्याकडची पुष्कळ खाचरे पावसावरची; ती मधूनमधून कोरडी पडतात, आणि चिखलात हवा शिरली की मिथेन बनणे थांबते.

म्हणूनच बेळगाव जिल्ह्यासाठी एकच आकडा लावणे मला पटत नाही. कणकुंबीत पाऊस धो-धो कोसळतो, अथणीत त्याची वाट पाहावी लागते, आणि मधल्या पट्ट्यात जांभ्या मातीची जागा काळी माती घेते. पाणी आळीपाळीने भरून आणि आटवून भात घेतल्यास मिथेन निम्म्याच्या आसपास घटू शकतो, हे अनेक देशांत दिसले आहे. पण पाणी हातात असलेल्या शेतकऱ्यालाच ते जमेल. खानापूरच्या खाचरात ते ढगांच्या हाती आहे. पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या धूळवाफ पेरणीत जमीन सुरुवातीचे काही आठवडे तुंबलेली नसते, एवढा फरक मात्र पडतो.

उसाच्या फडात प्रश्न मिथेनचा नाही, नायट्रस ऑक्साईडचा आहे. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असते. आंतरराष्ट्रीय हिशेबात यातले साधारण एक टक्का नत्र या वायूच्या रूपाने उडते असे धरतात. म्हणजे एका पोत्यामागे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम वायू. मात्र तो कार्बन डायऑक्साईडच्या २७३ पट प्रभावी असल्याने ते ८९ किलो कार्बन डायऑक्साईडइतके भरते. खत टाकून लगेच पाट सोडला की पुढचे काही दिवस हा वायू एकदम वाढतो आणि मग ओसरतो. महिन्यातून एकदा मोजायला जाणाऱ्याच्या हातून नेमके तेच दिवस निसटतात.

भातातही कापणीबरोबर मोजणी थांबवून चालत नाही. पाणी आटून जमीन भेगाळू लागली, की चिखलात कोंडलेला मिथेन थोड्या दिवसांत बाहेर येतो. त्यानंतर वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा उभा राहतो. जानेवारीत मसुरीच्या ओळींवर तीच पेटी ठेवली तर मिथेनचा आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि कधी शून्याखालीही जातो, कारण मोकळ्या झालेल्या मातीतले सूक्ष्मजीव आता हवेतला मिथेन आत ओढू लागलेले असतात.