एका गोळीवरचा वंशाचा शिक्का : कृष्णवर्णीय पेशंट आणि हार्ट फेल्युअर

आफ्रिकन-अमेरिकन लोकांना हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी पडणं, कमी वयात गाठतं आणि त्यापायी ते जास्त वेळा ॲडमिट होतात, हे अमेरिकेत जुनंच माहितीये. औषध आणि धोक्याचा हिशोब वंश बघून ठरवावा का, हे आत्ताचं भांडण कळायला मात्र 'बायडिल' नावाच्या गोळीला तिथल्या औषध खात्याने (एफडीए) 2005 मध्ये दिलेली मंजुरी बघावी लागते.

ऐंशीच्या दशकात माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत, फक्त पुरुषांवर, दोन जुनी औषधं एकत्र देऊन बघितली: बीपीचं हायड्रॅलझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, म्हणजे आपल्याकडे छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट. 1991 मध्ये एनालाप्रिल हे दुसरं औषध सरस ठरलं आणि ही जोडी मागे पडली. 1997 मध्ये दोन्ही मिळून एकच गोळी आणायला परवानगी मागितली तर पुरावा पुरेसा नाही म्हणून नकार. मग तेच जुने आकडे वंशानुसार वेगळे करून पाहिले, कृष्णवर्णीयांमध्ये फायदा जास्त दिसला, आणि जुनं पेटंट 2007 ला संपणार होतं तिथे 'कृष्णवर्णीय पेशंटसाठी' म्हणून नवं मिळालं ते थेट 2020 पर्यंत. हा क्रम विसरू नये.

पुढची ट्रायल 1050 जणांची, सगळे कृष्णवर्णीय. जुलै 2004 मध्ये ती मुदतीआधी थांबवली, कारण डमी गोळीवाल्यांत 10.2 टक्के मृत्यू झाले होते आणि औषधवाल्यांत 6.2. हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाण 24.4 वरून 16.4 टक्क्यांवर आलं. फायदा खराच होता, त्यात शंका नको.

घोळ झाला तो शब्दाचा. मंजुरी मिळाली 'स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या' पेशंटसाठी. म्हणजे जीन टेस्ट नाही, काही नाही, फॉर्मवर चौकोनात टिक केली की झालं. आई कृष्णवर्णीय आणि बाप गोरा असेल तर तो माणूस कुठे टिक करणार? आणि ट्रायलमध्ये दुसरं कुणी घेतलंच नव्हतं, मग इतरांना औषध लागू पडत नाही हे ठरलं कधी? मला विचाराल तर मोठं नुकसान वेगळंच झालं, वाद वंशावर रंगला आणि गोळी फार थोड्यांपर्यंत पोचली. एकत्र गोळी तेव्हा महाग, दिवसातून तीनदा घ्यायची, वर डोकेदुखी. सुटी औषधं स्वस्त, पण एकत्र गोळीत हायड्रॅलझिन 37.5 मिलिग्रॅम आणि सुटी गोळी 25 ची किंवा 50 ची, म्हणजे तुकडे करत बसा.

वंशाचा प्रश्न या गोळीपुरता राहिला नाही. नंतर ऑक्टोबर 2012 पासून 30 दिवसांत पेशंट परत ॲडमिट झाले की हॉस्पिटलला सरकारी दंड सुरू झाला, आणि त्याची झळ गरीब वस्त्यांतल्या हॉस्पिटलांना जास्त बसली. 2019 मध्ये बॉस्टनच्या एका अभ्यासात दिसलं की हार्ट फेल्युअर घेऊन आलेल्या कृष्णवर्णीयांना कार्डिओलॉजीत बेड मिळायची शक्यता गोऱ्यांपेक्षा कमी, त्यांना जनरल मेडिसिनला पाठवलं जायचं. 2020 मध्ये चर्चेत आला ॲडमिट पेशंटचा धोका मोजायचा स्कोअर, ज्यात कृष्णवर्णीय नसाल तर 3 पॉइंट जास्त मिळायचे, म्हणजे बीपी तेच, वय तेच, रिपोर्ट तेच, तरी कृष्णवर्णीय पेशंटचा धोका कागदावर कमी दिसायचा. 2023 मध्ये हार्ट फेल्युअर पुढे होईल का याचा अंदाज देणारं नवं कॅल्क्युलेटर आलं, त्यात वंशाचा चौकोनच नाही, हवं तर राहत्या भागाचा पिनकोड टाकता येतो.