मराठा लाइट इन्फंट्री
भारतीय भूदलातील सर्वांत जुन्या पायदळ रेजिमेंटांपैकी एक. रेजिमेंटचे केंद्र बेळगाव येथे असून बहुतेक भरती महाराष्ट्र आणि सीमाभागातून होते. सैन्यात इथल्या जवानाला लाडाने ‘गणपत’ म्हणतात.

हिची पहिली पलटण (बटालियन) ऑगस्ट 1768 मध्ये उभी राहिली, ती मुंबई बेटावरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी. त्या वेळी खाडीपलीकडची साष्टी मराठ्यांच्या ताब्यात होती, म्हणजे आज शिवछत्रपतींचा जयजयकार करणारी ही रेजिमेंट जन्माला आली ती मराठी राज्याच्या अगदी सीमेवर, आणि तीही परक्या धन्याच्या पदरी. ही पलटण पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून नावाजली. 1769 मध्ये उभारलेल्या दुसऱ्या पलटणीला ‘काली पांचवी’ म्हणतात. मुंबई पायदळात तिचा क्रमांक पाचवा होता आणि गणवेशाची पट्टी काळी, त्यावरून हे नाव पडले. पुढे 1922 मध्ये मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री बांधली गेली, तो ‘पाचवा’ निराळा. या दोन्हींची गल्लत हमखास होते. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटच्या नावातला आकडा गळला.

‘लाइट इन्फंट्री’ हा किताब पहिल्या अफगाण युद्धातील कामगिरीबद्दल 1841 मध्ये मिळाला. लाइट इन्फंट्री म्हणजे मुख्य फळीच्या पुढे विखरून लढणारे चपळ पायदळ. विखुरलेल्या माणसांपर्यंत हुकूम पोचवायला ढोलापेक्षा बिगुल सोयीचा, म्हणून जगभर अशा पलटणींच्या चिन्हात बिगुल दिसतो. मराठा रेजिमेंटच्या बोधचिन्हातही तो आहे, पण त्याला ढाल आणि तिरक्या तलवारींची जोड आहे. त्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. ब्रिटिश लष्करी परंपरा, मराठी हत्यारे आणि प्रजासत्ताकाची मुद्रा अशी तिन्ही एका बिल्ल्यावर नांदतात. ब्रीद ‘कर्तव्य, मान, साहस’. रणघोष ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. रेजिमेंटचा दिन 4 फेब्रुवारी. तानाजी मालुसऱ्यांनी 1670 मध्ये कोंढाणा घेतला त्याची ही आठवण.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूटला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या. एप्रिल 1916 अखेर अन्न संपल्यावर तिथल्या फौजेला शरण जावे लागले. ऑक्टोबर 1918 मध्ये शरकातच्या लढाईत 114 व्या पलटणीने मोठे नाव कमावले.

दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतील केरेनच्या डोंगरांत आणि नंतर इटलीत मराठे लढले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी शत्रूच्या मशीनगनकडे एकटेच धावले, कारण त्यांच्या तुकडीत धडधाकट असे दुसरे कोणी उरले नव्हते. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन शांत केली, एका गनरला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर उरलेल्यांना बंदुकीच्या दस्त्याने ठेचले. नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. एप्रिल 1945 मध्ये इटलीतील सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून सुखरूप आणले, मशीनगनचे मोर्चे एकट्याने मोडले आणि बांधावर उभे राहून रणघोष करत साथीदारांना बोलावले. हा दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस. घाडग्यांची पलटण 1952 पासून पॅराशूट रेजिमेंटमध्ये दुसरी पॅरा म्हणून ओळखली जाते.

डिसेंबर 1971 मध्ये जंगी पलटण पूर्व पाकिस्तानातील जमालपूरला वेढा घालणाऱ्या भारतीय फौजेत होती. भारतीय ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याचे पत्र पाठवले. पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी नकार कळवताना उत्तरासोबत एक गोळीही धाडली. जमालपूर 11 तारखेला पडले. शांततेच्या काळातील सर्वोच्च शौर्यपदक, अशोकचक्र, सोळाव्या पलटणीचे कर्नल एन. जे. नायर यांना 1993 मध्ये नागालँडमधील चकमकीतील बलिदानाबद्दल मरणोत्तर मिळाले. त्याखालोखालचे कीर्तिचक्र त्यांच्याकडे आधीपासूनच होते.