आयात बियाण्यांची विषाणू तपासणी: परवाना, कागदपत्रे आणि नमुना

विषाणूग्रस्त बी पुष्कळदा निरोगी बियाइतकेच टपोरे आणि स्वच्छ दिसते. म्हणूनच क्वारंटाईन तपासणीत केवळ भिंगाखालची पाहणी पुरेशी ठरत नाही आणि चाचणीत खर्ची पडणाऱ्या बियांची व वेळेची तजवीज आयातदाराला आधीच करावी लागते.

ज्या बियाण्याला आयात परवाना लागतो, त्याचा परवाना माल निघण्यापूर्वी हाती असावा, कारण कोणते विषाणू वर्ज्य आहेत हे आयातीच्या अटींतूनच कळते. दुसरा कागद म्हणजे निर्यातदार देशाच्या राष्ट्रीय वनस्पती संरक्षण संस्थेचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रमाणपत्रावरील शास्त्रीय नाव, लॉट क्रमांक व वजन पिशवीवरील लेबलशी जुळले पाहिजे आणि अट असल्यास विषाणूमुक्ततेची अतिरिक्त घोषणा त्यात असली पाहिजे. बीजप्रक्रिया केली असल्यास औषधाचे नाव व मात्राही नोंदवावी. बियाणे तिसऱ्या देशामार्गे येत असेल, तर ते मुळात कुठे पिकले याची नोंद हवीच.

नमुन्याबाबत अर्जदारांची कुरकूर असते, पण त्यामागचे गणित साधे आहे. लॉटमध्ये हजारात एक बी बाधित असेल, तर त्यातले किमान एक नमुन्यात येण्याची शक्यता ९५ टक्के होण्यासाठी सुमारे ३,००० बिया घ्याव्या लागतात. त्या दळून एलायझा चाचणीने विषाणूचे प्रथिन किंवा आरटी-पीसीआर चाचणीने त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, शोधतात. टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस मुख्यतः बीजावरणावर असतो. त्यामुळे निर्जंतुक केलेल्या बियाण्यातही निष्क्रिय विषाणूचा आरएनए सापडू शकतो, आणि तो संसर्गक्षम आहे का हे तंबाखूवर्गीय रोपांवर त्या बियांचा रस चोळून पाहावे लागते. वाटाण्यातील बीजवाहित मोझॅक विषाणू मात्र थेट भ्रूणात शिरतो. तिथे वरून धुण्याचा उपयोग नाही. कीटकरोधक काचगृहात रोपे वाढवून पाहणे हा भरवशाचा मार्ग, पण त्याला काही आठवडे जातात. पेरणीचा हंगाम गाठायचा असेल, तर हा काळ हिशेबात धरूनच माल मागवावा.

विषाणू आढळल्यास माल परत पाठवणे किंवा नष्ट करणे हेच पर्याय बहुधा उरतात. पैदासकाराकडून शे-दोनशे बियांचे पाकीट मागवताना तर नमुन्याचा आकार क्वारंटाईन केंद्राकडून आधीच लेखी ठरवून घ्यावा, नाहीतर सगळे पाकीट चाचणीतच संपेल.