मुख्य लोकअभिरक्षक पदासाठी अर्ज करताय? आधी ३० खटल्यांची यादी काढा

लोकअभिरक्षक पदांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची जाहिरात लागली की आठवडाभर मला वकील मित्रांचे फोन येत राहतात. पात्रता काय, शेवटची तारीख कोणती, एवढंच बहुतेकजण विचारतात. पंधरा-पंधरा वर्षं फौजदारी वकिली केलेल्या चांगल्या माणसांचे अर्ज ज्या कागदावरून बाद होतात, त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहितोय.

ज्याला आपण लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतो, ती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून आलेली यंत्रणा आहे. वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या आरोपीसाठी, आणि कोठडीत असेल तर उत्पन्न कितीही असो, तिथले पूर्णवेळ वकील उभे राहतात. फिर्यादी किंवा पीडितांची कामं या कार्यालयाकडे नसतात, ती प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या (यादीतल्या खासगी) वकिलांकडे जातात. पदं तीन आहेत. मुख्य लोकअभिरक्षकासाठी फौजदारी वकिलीची किमान १० वर्षं आणि सत्र न्यायालयात हाताळलेले किमान ३० खटले लागतात. उपमुख्यासाठी ७ वर्षं आणि २० खटले. सहायकासाठी ० ते ३ वर्षं. चार-पाच वर्षं झालेल्या तरुणांनी हे शेवटचं नीट वाचावं. त्यांना या रचनेत जागाच उरत नाही, आणि तरीही ते सहायकपदासाठी अर्ज करत राहतात. मला ही रचना पटत नाही. पण जाहिरातीत जे छापलंय, छाननी त्यावरच होते.

आता ३० खटल्यांकडे येतो.

माझ्या एका मित्राची चौदा वर्षांची वकिली. साक्षीदाराची उलटतपासणी तो इतकी शांतपणे घेतो की नवे वकील मागच्या बाकावर येऊन बसतात. पहिल्या अर्जात त्याने लिहिलं होतं, ‘खुनाचे ११, खुनाच्या प्रयत्नाचे ९, इतर १५ पेक्षा जास्त.’ अर्ज बाद झाला. खटला क्रमांक नाही, न्यायालयाचं नाव नाही, निकालाची तारीख नाही. छाननीला बसलेला कर्मचारी हे आकडे तपासणार कशावरून? दुसऱ्या वेळी आम्ही त्याच्या जेवणाच्या टेबलावर जुन्या डायऱ्यांचं गाठोडं सोडलं. तीन रात्री लागल्या. डायरीत पक्षकाराचं आडनाव आणि पुढची तारीख एवढंच होतं, त्यावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण शोधून सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टिपला. यादी ३४ वर गेली.

आणि तिथेच खरी अडचण समोर आली. ३४ पैकी १३ निकालपत्रांवर आरोपीतर्फे म्हणून त्याच्या सिनियरचं नाव होतं. साक्षी याने घेतल्या, युक्तिवाद याने केला, पण वकीलपत्र सिनियरच्या नावाचं. आपल्याकडे ज्युनिअर म्हणून काढलेल्या पहिल्या सात-आठ वर्षांचं बहुतेकांचं असंच असतं. अशा वेळी निकालपत्राच्या जोडीला ज्या दिवशी तुम्ही उलटतपासणी घेतली त्या दिवसाचा रोजनामा (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद), किंवा साक्षीची जिथे तुमचं नाव आलंय ती प्रत जोडा. वकीलपत्रावर सिनियरबरोबर तुमचीही सही असेल तर त्याची नक्कल काढा. सिनियर हयात असतील तर त्यांच्याकडून दाखला घ्या, पण त्यात खटला क्रमांक हवेत. ‘माझ्याकडे अनेक खटले हाताळले’ अशा दोन ओळींच्या दाखल्याचा काही उपयोग होत नाही. नक्कल विभागाचा वेग तुम्हाला ठाऊक आहेच. जाहिरात येण्याची वाट पाहू नका, नकलांसाठी आजच अर्ज टाका.

जामीन अर्ज, अपील, पुनरीक्षण यांना खटला म्हणत नाहीत. ही कामं यादीत घुसडून आकडा ३० वर नेणाऱ्यांच्या खऱ्या २२ खटल्यांवरही शंका येते. पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा) किंवा अंमली पदार्थांच्या कायद्याखालचे खटले सत्र न्यायाधीशच विशेष न्यायाधीश म्हणून चालवतात, पण त्यांचा क्रमांक ‘विशेष खटला’ असा असतो. म्हणून न्यायालयाच्या रकान्यात पूर्ण नाव लिहा, नाहीतर कुणीतरी ते वगळून टाकतं. खटल्यांच्या संख्येची अट अपवादात्मक परिस्थितीत शिथिल करता येते, तो अधिकार राज्य प्राधिकरणाच्या कार्यकारी अध्यक्षांचा आहे. तुम्हाला ती सवलत हवी असेल तर कारणांसह लेखी मागा. ‘बघतील ते’ म्हणून गप्प बसलेल्याचं कुणी बघत नाही.

बाकीचे कागद सरळ आहेत: महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, पदवी, ओळखपत्र, आणि २००९-१० पासून पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. वकिली फौजदारीच आहे, हे वकील संघाच्या दाखल्यात स्पष्ट लिहून घ्या. नुसता ‘नियमित वकिली करतात’ असा छापील दाखला पुरत नाही. मधे नोकरीसाठी सनद स्थगित केली असेल तर ती वर्षं धरू नका. शेवटची तारीख अर्ज पोहोचण्याची आहे की पाठवण्याची, हे जाहिरातीत दोनदा वाचा. टपालाच्या शिक्क्यावर विसंबून राहिलेले दोघे माझ्या डोळ्यांसमोर बाद झालेत. जमलं तर स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या.

मुलाखत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते, अंतिम मान्यता राज्य प्राधिकरणाकडून येते. इथे अनुभवी वकील वेगळ्याच कारणाने मागे पडतात. ते स्वतःच्या गाजलेल्या खटल्यांबद्दल बोलत राहतात. मुख्य पदाचं निम्मं काम मात्र दुसऱ्याच्या हातून नीट काम करून घेण्याचं आहे. कोणतं प्रकरण कुणाकडे द्यायचं, तुरुंगभेटीला कोण गेलं, तिथून काय घेऊन आलं, उलटतपासणीच्या आदल्या संध्याकाळी सहायकाने दोषारोपपत्र खरोखर वाचलंय का, हे सगळं त्यालाच पाहावं लागतं. २०१९ च्या अनोखीलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या प्रकरणात विधी सेवेतर्फे किमान १० वर्षं वकिली झालेलाच वकील द्यावा, आणि तयारीला साधारण किमान ७ दिवस मिळावेत. त्यामुळे खुनाचा खटला नव्या मुलीच्या हातात देऊन ‘शिकेल हळूहळू’ म्हणता येत नाही. तिला बाजूला बसवायचं, एका साक्षीदाराची टिपणं तिच्याकडून काढून घ्यायची, उभं स्वतः राहायचं. वाटप कसं कराल, असं समितीने विचारलं तर असं ठोस उत्तर द्या.

आणखी एक उदाहरण. ठरावीक मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्ह्यानुसार मुदत ६० किंवा ९० दिवसांची. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या रिमांडचा दिवसही मोजायचा हे स्पष्ट केलं. सहायक रिमांडला उभा राहतो, आरोपीचं नाव लिहून घेतो, पुढच्या नावाकडे वळतो. दिवस कुणी मोजले नाहीत आणि ६१ व्या दिवशी सकाळी दोषारोपपत्र आधी दाखल झालं, जामीन अर्ज नंतर, तर हक्क गेला. तो माणूस मग सहा महिने आत. चांगला मुख्य लोकअभिरक्षक पहिल्याच दिवशी फाइलच्या आतल्या पानावर सहायकाकडून लाल शाईने ती तारीख लिहून घेतो आणि दर सोमवारी सगळ्या फाइली उघडून पाहतो. माझ्या मित्राने मुलाखतीत हेच सांगितलं. त्याच्या गाजलेल्या खटल्यांचा विषयही निघाला नाही, आणि त्याची निवड झाली.

निवड झाल्यावरही एक गोष्ट जपायची. नेमणूक कंत्राटी असते: सुरुवातीला २ वर्षं, पुढे काम समाधानकारक असेल तर वर्षावर्षाने वाढ, आणि दर सहा महिन्यांनी मूल्यमापन. खासगी वकिली पूर्ण बंद. पक्षकाराकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून एक रुपया, एक पेढ्याचा पुडासुद्धा घ्यायचा नाही, त्यावर करार संपतो. हातातली खासगी प्रकरणं सोडावी लागतात, आणि तिथे लोक फार घाई करतात. निवड यादीत नाव दिसलं म्हणून पक्षकारांना परत पाठवू नका, नियुक्तीपत्र हातात येऊ द्या. तोवर प्रत्येक फाइलला एक कागद लावून ठेवा: पुढची तारीख, कोणती साक्ष बाकी, फी किती घेतली, किती परत द्यायची. मग पक्षकाराला समोर बसवून नवा वकील ठरवा, वकीलपत्रावर ना-हरकत द्या आणि फाइल त्याच्या हाती सोपवा. कुणाची साक्ष पुढच्याच आठवड्यात असेल तर रुजू होण्याची तारीख थोडी पुढे मागता येते का, ते प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी विचारा.