निखळलेला दात आणि पहिला अर्धा तास

फुटबॉलचा हंगाम आला की कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ भिडतात आणि पेठांतल्या गल्ल्यांतून पोरांचे सामने रंगतात. कुणाचं तरी कोपर बसतं, पोरगं तोंडावर आपटतं आणि वरचा पुढचा दात मुळासकट मातीत पडतो. बहुतेकदा तो तिथेच राहतो. वाईट वाटतं, कारण तो वाचू शकला असता.

दात वाचवायची ही विद्या जुनी आहे. दहाव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या अल-झहरावी या शल्यवैद्याने हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधायची रीत लिहून ठेवली. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोआझ पारे या शल्यवैद्याने निखळलेले दात परत बसवण्याबद्दल लिहिलं. पण बसवलेल्या दातांपैकी काही टिकत, काहींचं मूळ झिजून जाई. डेन्मार्कच्या येन्स आंद्रेआसेन यांनी सहकाऱ्यासोबत असे ११० दात तपासले आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडला: ३० मिनिटांच्या आत बसवलेल्या दहापैकी नऊ दातांची मुळं शाबूत होती, दोन तासांनंतर बसवलेली जवळजवळ सगळी झिजली. मुळावरच्या नाजूक पेशी कोरड्या पडून मरतात, हे त्यामागचं कारण. म्हणूनच दात घासूनपुसून कागदात गुंडाळून आणणं सर्वांत घातक.

पक्का दात असेल तर मुळाला हात न लावता, तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरावा, माती असली तर दुधाने हलकेच धुवावी आणि तिथल्या तिथे खाचेत बसवावा. ते जमत नसेल तर थंड दुधात बुडवून लगेच दंतवैद्याकडे न्यावा. कोल्हापुरात दुधाला काय तोटा? गोकुळची पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

सगळेच मार एवढे मोठे नसतात. कुठे टवका उडतो, कुठे दात नुसता हलतो, कधी हिरडीत आत घुसतो. पण टवक्यातून लाल ठिपका दिसला तर आतली नस उघडी पडली आहे, तिथे उशीर नको. चालायला शिकणारी मुलं आणि आठ ते दहा वर्षांची पोरं यांना धोका जास्त. ज्यांचे वरचे दात पुढे आहेत, त्यांना तर फारच.

दातांना मार बसू नये म्हणून खेळताना त्यांवर चढवायचं कवच म्हणजे माऊथगार्ड. ते आले बॉक्सिंगमधून. १८९०च्या सुमारास लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ बॉक्सरांच्या दातांवर गटापर्चाच्या (झाडाच्या चिकापासूनच्या रबरासारख्या पदार्थाच्या) पट्ट्या बसवत. आज दंतवैद्य मापाचा माऊथगार्ड करून देतात. मुलांचे दात येत-पडत असतात, जबडा वाढत असतो, त्यामुळे तो अधूनमधून बदलावा लागतो. पोराला नवे बूट घेताना माऊथगार्डचंही माप द्यावं.