प्रबंधाच्या वाफ्यातून शिवाराकडे : कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी संशोधनाची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत ठरावीक बातम्या येऊ लागतात. ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’, ‘कृषिदूतांकडून निंबोळी अर्काबाबत मार्गदर्शन’. कृषिकन्या आणि कृषिदूत म्हणजे गावात कार्यानुभवासाठी गेलेले कृषी पदवीचे विद्यार्थी. पुढे निकालांच्या दिवसांत एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची जेआरएफ ही पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळाल्याची किंवा कृषी सेवेत निवड झाल्याची बातमी फोटोसह झळकते. हे कौतुक रास्तच आहे. मात्र याच विद्यार्थ्यांनी दोन-दोन हंगाम शेतात उभे राहून केलेल्या संशोधनाची बातमी क्वचितच होते. प्रबंध बांधून होतो, तोंडी परीक्षा होते आणि प्रत ग्रंथालयात जाते. महाराष्ट्राच्या शेतीत या प्रबंधांचा वाटा किती मोठा आहे, हे समजायचे तर बरेच मागे जावे लागते.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनने भीषण दुष्काळ पाहिला. त्याच्या पाठोपाठ १८७९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतकी शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शास्त्र शिकायला मिळाले पाहिजे, असा आग्रह जोतीराव फुले त्याच सुमारास धरत होते. प्रत्यक्षात या वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांची वाट बहुधा सरकारी नोकरीकडे जाई. पुढे १९०६ साली नागपूरला आणि १९०७ साली पुण्याला स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले.

पुण्याच्या महाविद्यालयाला प्राचार्य लाभले ते डॉ. हॅरोल्ड मान. रसायनशास्त्राचा हा माणूस आसामच्या चहा संशोधनातून इकडे आला होता. प्रयोगशाळेतच रमला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. पण मान यांनी डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. तम्हाणे अशा सहकाऱ्यांना बरोबर घेतले आणि पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव अभ्यासाला निवडले. जमीन कशी आहे, विहिरी किती, कोणाकडे किती तुकडे, कर्ज किती, वर्षाला घरात येते काय आणि जाते काय, याची घरोघर फिरून नोंद झाली. १९१७ साली मुंबई विद्यापीठाने ही पाहणी प्रसिद्ध केली.

त्यातले आकडे आजही अस्वस्थ करतात. १७७१ मध्ये या गावात सरासरी धारणा, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, सुमारे ४० एकर होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. नुसत्या जमिनीवर बहुसंख्य कुटुंबांचे भागत नव्हते, आणि गावचा कितीतरी आधार खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या मजुरीवर होता. ‘शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे’ हे तोवरचे सरकारी पालुपद होते. एका शेतकी कॉलेजच्या लोकांनी मोजमाप करून दाखवले की दुखणे धारणेच्या आकारात आणि कर्जात आहे. १९२१ साली मान आणि कानिटकरांची जातेगाव बुद्रुकची दुसरी पाहणी आली. हे गाव कोरडवाहू पट्ट्यातले होते. माझ्या मते महाराष्ट्रातल्या शेती संशोधनाची खरी शिस्त इथे घडली : आधी गावात जा, मोजा, मग बोला. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत हरवले आहे, आणि त्या जागी शेती होती याचा तपशीलवार दाखला म्हणूनही ती पाहणी मोलाची ठरली आहे.

याच मंडळींनी पुढे कोरडवाहू शेती हाती घेतली. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला तम्हाण्यांनी काम सुरू केले. १९३३ साली सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू संशोधन केंद्रे निघाली. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, ओळींत जास्त अंतर, वेळेवर कोळपणी, अशी आज सर्वांना सवयीची वाटणारी शिफारस त्या कामातून पुढे आली. सोलापूरचे केंद्र अजूनही चालू आहे.

पण या साऱ्या व्यवस्थेत एक मोठी फट होती. संशोधन केंद्रे शेतकी खात्याची, महाविद्यालये सर्वसाधारण विद्यापीठांना जोडलेली. मोहोळच्या केंद्रावर मालदांडी या गावरान ज्वारीतून निवडलेली एम ३५-१ ज्वारी किंवा पाडेगावचे उसाचे काम यांचा वर्गातल्या विद्यार्थ्याशी संबंध पुस्तकापुरता राही. शिकवणारा एकीकडे, प्रयोग करणारा दुसरीकडे आणि शेतकऱ्याला सांगणारा तिसरीकडे.

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतल्या ‘लँड ग्रँट’ विद्यापीठांच्या धर्तीवर हे तिन्ही एका छताखाली आणायचे ठरले. १९६० साली पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीचे विद्यापीठ आले, ते सुरुवातीला सगळ्या राज्यासाठी होते. विदर्भाने आपल्या मातीतले विद्यापीठ मागितले. १९६७ च्या आंदोलनात तिथल्या तरुणांनी जीव गमावला, आणि १९६९ साली अकोल्याचे विद्यापीठ झाले. १९७२ साली दापोली आणि परभणी यांची भर पडली. पदवीच्या कागदासाठी ही माणसे रस्त्यावर उतरली नव्हती. कापसाच्या काळ्या रानाला, भाताच्या खाचराला आणि मराठवाड्याच्या अवर्षणाला आपापले संशोधन हवे होते.

एका छताखाली आल्याने काय साधले, याचे माझ्या आवडीचे उदाहरण परभणीचे आहे. तिथले कृषी महाविद्यालय १९५६ पासूनचे. विद्यापीठ आल्यावर तिथे पदव्युत्तर संशोधनाला बळ आले. तेव्हा भेंडीवर केवडा रोगाने थैमान घातले होते. पांढऱ्या माशीतून पसरणारा हा विषाणू. पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, मग पान, मग फळ. बाजारात अशी भेंडी कोणी घेत नाही. दिल्लीहून आलेली ‘पुसा सावनी’ सुरुवातीला टिकली, नंतर तीही बळी पडू लागली. एन. डी. जांभळे यांनी परभणीत प्रबंधासाठी हाच प्रश्न घेतला : भेंडीच्या रानटी भाऊबंदांत रोगाला दाद न देणारे कोण आहे, आणि त्याचा गुण लागवडीच्या भेंडीत आणता येईल का?

सांगायला हे एका वाक्याचे काम. करायला मात्र सायंकाळ आणि सकाळ दोन्ही द्याव्या लागतात. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखायची, पाकळ्या अलगद बाजूला करून पुंकेसर काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, वर पिशवी बांधायची, देठाला दोऱ्याने लेबल अडकवायचे. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. एवढे करून फळ धरले तरी दोन वेगळ्या प्रजातींचा हा संकर जवळजवळ वांझ निघतो, कारण गुणसूत्रांची संख्याच जुळत नाही. मग पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकर करून, पिढ्यानपिढ्या निवड करत जावे लागते.

जांभळे आणि त्यांच्यासोबत काम करणारे वाय. एस. नेरकर यांनी १९८१ साली शोधनिबंधात मांडले की ‘ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट’ या प्रजातीतला रोगप्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. त्या प्रजातीच्या आणि पुसा सावनीच्या संकरातून पुढे ‘परभणी क्रांती’ वाण आला. देशभर तो पोचला. काळाच्या ओघात अनेक ठिकाणी त्याचीही प्रतिकारशक्ती उणावली. विषाणू बदलतो, माशी वाढते. म्हणून केवडा हा विषय आजही प्रबंधांना पुरून उरतो.

अशा यशाच्या आसपास शेकडो प्रबंध असे असतात ज्यांतून वाण निघत नाही. अमुक खतमात्रेचा फरक पडला नाही, अमुक औषध चालले नाही, एवढेच त्यांचे निष्कर्ष. ते वाया गेले असे मी मानत नाही. एम.एस्सी.चा विद्यार्थी आरबीडी पद्धतीने, म्हणजे रानाचे गट पाडून आणि प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवत, वाफे आखतो, प्रत्येक ट्रीटमेंट (तपासायचे खत, औषध वा वाण) तीन-चार रिप्लिकेशनमध्ये, म्हणजे तितक्या वेळा पुन्हा, टाकतो, वाफ्यातली पाच झाडे टॅग करून ठरल्या दिवशी उंची, फुटवे, पाने मोजतो; कापणीला कडेच्या ओळी वगळून उरलेल्या मधल्या भागाचेच (नेट प्लॉटचे) उत्पादन तोलतो. पाऊस असो, घरी लग्न असो, निरीक्षणाचा दिवस चुकवता येत नाही. हंगामाचा डाटा गेला तर वर्ष गेले. शेतकऱ्याला द्यायची शिफारस मात्र एका हंगामावर ठरत नाही. म्हणून एका बॅचचा प्रयोग पुढच्या बॅचचा विद्यार्थी उचलतो, मार्गदर्शक तो धागा सांभाळतो, आणि मग तो विषय चारही विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्को, म्हणजे संशोधन आढावा समितीच्या, बैठकीत चर्चेला येतो. तिथे कडक उलटतपासणी होऊन वाण, अवजार वा शिफारस मंजूर होते. त्या ठरावात विद्यार्थ्याचे नाव नसते.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रामीण कृषी कार्यानुभव आला आणि २०१५ साली तो ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमात गोवला गेला. सातव्या सत्रात मुले-मुली गावात राहायला जातात. मातीचा नमुना घेताना इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा कसा करायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन कसे टाकून द्यायचे, हे शेतकऱ्याच्या बांधावर दाखवतात. मंदिराच्या किंवा शाळेच्या पटांगणात गावकऱ्यांना विचारत विचारत रांगोळीने गावाचा नकाशा काढतात : नाला इथे, गायरान तिथे, विहिरी या बाजूला. पिंपळे सौदागरच्या पाहणीचीच ही परंपरा आहे. खंत एवढीच की पुष्कळदा नकाशाचा फोटो निघतो, अहवाल गुणांसाठी जमा होतो आणि पुढच्या वर्षीची तुकडी त्याच गावात पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. सलग दहा वर्षे एकाच गावाच्या नोंदी ठेवल्या तर केवढा ऐवज हाती लागेल!

आजची अडचण पैशाइतकीच माणसांची आहे. विद्यापीठांत प्राध्यापकांची पुष्कळ पदे रिकामी आहेत. मार्गदर्शक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही की एका बॅचकडून दुसरीकडे जाणारा धागा तिथेच तुटतो. अर्धवट संकर, साठवलेले बियाणे, डाटाच्या वह्या पडून राहतात. पदभरती हा म्हणूनच विद्यार्थी संशोधनाचाही प्रश्न आहे.

दुसरी अडचण भाषेची. आता ‘कृषिकोश’ या ऑनलाइन संग्रहावर देशभरातले प्रबंध वाचता येतात, पण ते बहुतेक इंग्रजीत. ज्याच्या पिकावर काम झाले त्या शेतकऱ्याला ते बंदच. प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यापर्यंत (पूर्वीच्या कृषी सहायकापर्यंत) गेला पाहिजे, आणि फसलेल्या प्रयोगांचा आधी गेला पाहिजे, कारण कोणत्या औषधावर पैसे घालू नयेत हे त्यात असते. त्यासाठी वेगळी योजना नको. प्रबंधावर सही करताना मार्गदर्शकाने तो मागून घेतला तरी पुरे.